नव्वद नंबरचं ऑइल द्या

मुरबाडच्या बाजारात दुकानदाराने मामांसमोर दोन डबे ठेवले. दोन्हींवर ठळक ९०. खाली बारीक अक्षरांत एकावर जीएल-४, दुसऱ्यावर जीएल-५. "पाचवालं न्या, चारपेक्षा भारी," तो म्हणाला. मामा डबा उचलणार तेवढ्यात मी म्हटलं, "मामा, थांबा जरा." मामांचा ट्रॅक्टर जुना मॅसी, माझ्या लग्नाच्याही आधीचा. गिअर बदलताना हल्ली खरखरतो, म्हणून भाताच्या चिखलणीआधी ऑइल बदलायचं ठरलं होतं.

आधी त्या ९० चं बघू. तो आकडा फक्त ऑइल किती दाट आहे ते सांगतो. १०० अंश सेल्सिअस तापमानाला गिअरचं ९० नंबर ऑइल १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक (दाटपणा मोजायचं माप) भरतं आणि इंजिनाचं ४० नंबर १२.५ ते १६.३. म्हणजे गिअरचं नव्वद आणि इंजिनाचं चाळीस दाटपणात जवळपास सारखेच! दोन मोजपट्ट्या वेगळ्या, इतकंच. पायाला ९ नंबरची चप्पल आणि अंगाला ४२ चा शर्ट लागला, म्हणून कुणी शर्ट पायात घालत नाही.

खरी गोम त्या जीएलमध्ये, म्हणजे गिअर ऑइलच्या प्रतवारीत आहे. गिअरचे दात एकमेकांवर दाबले जातात तेव्हा मधलं तेल पिळून बाहेर पडतं आणि लोखंडाला लोखंड भिडायला बघतं. अशा वेळी तेलातली गंधक-फॉस्फरसची रसायनं तापलेल्या पोलादाशी संयोग करून एक पातळ थर तयार करतात. घासला जातो तो थर, दात वाचतात. ट्रकच्या मागच्या ॲक्सलमध्ये दात एकमेकांवरून खूप घसरतात, तिथे हे रसायन भरपूर लागतं. त्यासाठी जीएल-५. जीएल-४ मध्ये ते साधारण निम्मं असतं.

पण गंधकाला तांब्याचंही वेड. देवघरातली चांदीची निरांजनं ठेवल्या ठेवल्या काळी पडतात, त्याच जातीचा हा प्रकार. जुन्या गिअरबॉक्समध्ये बुश आणि वॉशर बऱ्याचदा कांस्याचे, म्हणजे तांबं-कथलाचे असतात. जीएल-५ मधलं गंधक गरम तेलात त्यांच्यावर काळा थर धरतं, तो निघाला की खालचा धातू पुन्हा उघडा, पुन्हा थर. वर्षभरात काही जाणवत नाही. जाणवतं तेव्हा मिस्त्री अख्खा गिअरबॉक्स उतरवायला सांगतो. हल्लीची काही जीएल-५ ऑइलं तांब्याशी बरीच सौम्य वागतात, हे खरं. पण डबा बघून ते कळत नाही, आणि जिथे चारवर भागतं तिथे पाच कशाला?

तरी आम्ही जीएल-४ चा डबाही घेतला नाही. मामांच्या ट्रॅक्टरात नांगर उचलणाऱ्या लिफ्टचा पंप मागच्या पेटीतच, गिअरच्या तेलात बुडालेला असतो. एकच तेल, कामं दोन. गिअरला दाट तेल चालतं, पंपाला ते ओढताना जीव जातो. सकाळी ट्रॅक्टर अजून तापलेला नसताना नव्वद नंबर जवळपास काकवीसारखं असतं. पंपाला पुरेसं तेल मिळालं नाही की आत बुडबुडे होतात, ते फुटताना धातूचे कण उडवतात, आणि लिफ्ट रडल्यासारखी आवाज करते. अशा ट्रॅक्टरांसाठी यूटीटीओ नावाचं वेगळं, पातळसर तेल मिळतं. ते गिअर, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक असतील तर तेही सांभाळतं. पूर्वी अशा काही तेलांत ब्रेक-क्लच कुरकुरू नयेत म्हणून चक्क स्पर्म व्हेलचं तेल घालत. १९७० साली अमेरिकेने हा देवमासा संकटग्रस्त जाहीर केला आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले.

पंप वेगळा आणि ब्रेक कोरडे असतील, तर मात्र जीएल-४ चं ९० मजेत चालतं. त्या मॉडेलच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते पाहूनच ठरवावं; दुकानदाराचा अंदाज नको, माझाही नको.

ठाणे जिल्ह्यात थंडी ही तेलाची अडचण नाही. अडचण आहे पाणी. चिखलणीला ट्रॅक्टर केजव्हील (पिंजऱ्यासारखी लोखंडी चाकं) लावून चिखलात तासन्‌तास फिरतो. गरम पेटी गार झाली की झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेलात पाणी घुसळलं गेलं की डिपस्टिकवर दुधाळ चहा दिसतो. थोडंसंच असेल तर दिसत नाही. त्याला मामींचा जुना तवा. तो गरम करून काडीने तेलाचा एकच थेंब टाकायचा, तोंड लांब ठेवून. नुसता धूर निघाला तर ठीक. तडतडला, तर पाणी.

आमचा थेंब मोहरीसारखा तडतडला. मग नव्या तेलाआधी सीलं आणायला परत मुरबाड. आणि रात्रभर उभ्या ट्रॅक्टरचा तेल सोडायचा खालचा प्लग सकाळी सुरू न करताच सैल केला, तर पहिलं वाटीभर आलं ते तेल नव्हतंच, गढूळ लाल पाणी होतं.