नवीन गाडी घेतलीय ना? मग गिअर कधी टाकायचा तेवढं वाचून घ्या

नमस्कार. आमचं कराडात टू-व्हीलरचं छोटं गॅरेज आहे आणि नवीन गाडी घेतलेलं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती स्पीडला कुठला गिअर टाकायचा? प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावं म्हणून हा कागद.

घरात कुणीतरी मोठ्या माणसानं सांगितलेलं असतं की नवीन गाडी आहे, चाळीसच्या वर नेऊ नको. सल्ला चांगलाच आहे, पण पोरगं काय करतं, वीस-पंचवीसच्या स्पीडलाच टॉप गिअर टाकून मोकळं होतं, त्याला वाटतं हळू चाललोय म्हणजे इंजिनाला आराम आहे आणि अ‍ॅव्हरेज पण मिळेल. खरी चूक इथं होते. नव्या इंजिनाला जास्त स्पीडचा त्रास होतो तसाच कमी स्पीडला वरच्या गिअरचा पण होतो, आणि हा दुसरा त्रास कुणी सांगतच नाही.

असं का ते सांगतो. नव्या ब्लॉकच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या भागाच्या, आतल्या बाजूला बारीक तिरक्या रेघा असतात, त्या कंपनीतच मुद्दाम पाडलेल्या असतात म्हणजे तिथं ऑइल धरून राहतं आणि पिस्टनच्या रिंगा त्यावर घासून हळूहळू नीट बसतात. हे काम पहिल्या काहीशे किलोमीटरमध्येच होतं. आता टॉप गिअरला पंचवीसवर चालताना तुम्ही अ‍ॅक्सिलेटर पिळला की इंजिन फिरतं कमी आणि त्याच्यावर जोर पडतो जास्त, आतून ढक ढक असा दणका येतो, चेन झटके खाते, आणि ऑइल पंप इंजिनवरच फिरत असल्यामुळं नेमकं जोर पडतो तेव्हाच ऑइलचं प्रेशर कमी असतं. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच गाडी रडवत नेणं पण तितकंच वाईट, पण ते निदान कानाला कळतं तरी.

आकडेच पाहिजेत तर सपाट रोडला, एकट्या माणसाला, स्प्लेंडरसारख्या १०० सीसीच्या चार गिअरच्या गाडीला साधारण असा हिशोब ठेवा: पहिला फक्त गाडी हलवायला, दहाच्या आसपास दुसरा, वीस-पंचवीसला तिसरा आणि पस्तीसच्या पुढं चौथा. पल्सर १५० सारख्या पाच गिअरच्या गाडीला पंधराला दुसरा, पंचवीसला तिसरा, पस्तीसला चौथा आणि पंचेचाळीसच्या पुढंच पाचवा. गाडीसोबत जे पुस्तक मिळतं त्यात तुमच्या मॉडेलचे आकडे दिले असतील तर आमच्यापेक्षा तेच खरे माना. आणि घरात दोन गाड्या असतील तर एक लक्षात ठेवा, स्प्लेंडरला सगळे गिअर पुढं दाबत जायचे असतात, पल्सरला पहिला खाली आणि बाकीचे चार वर, पायाची सवय बदलेपर्यंत घोळ होतोच त्यामुळं आधी मोकळ्या रस्त्यावर चार फेऱ्या मारा.

पण आकड्यापेक्षा कान महत्त्वाचा, हे आम्ही मनापासून सांगतो. तीच गाडी, तोच रस्ता, पण मागं दोन्ही बाजूला दुधाचे कॅन लावले की पस्तीसला चौथा गिअर चालत नाही, गाडी गुदमरते, तेव्हा तिसराच ठेवायचा. सीझनमध्ये उसाच्या ट्रॉलीमागं अडकला आणि स्पीड वीसवर आला तर चौथ्यातच अ‍ॅक्सिलेटर पिळत बसू नका, एक नाहीतर दोन गिअर खाली घ्या मग ओव्हरटेकचं बघा. अ‍ॅक्सिलेटर थोडा दिला आणि गाडी सरळ पुढं सरकली तर गिअर बरोबर आहे, दिल्यावर आधी थरथरली आणि मग पुढं गेली तर गिअर वरचा आहे. दुसरं एक, नवीन असताना तासभर एकाच स्पीडला गाडी चालवू नका, थोडी वाढवा थोडी कमी करा, रिंगा बसायला त्यानं मदत होते.

आता क्लच. अ‍ॅक्सिलेटर सोडायचा, क्लच पूर्ण दाबायचा, एक खटका, क्लच सोडायचा. चौथ्यावरून पहिल्यावर यायचं असेल तरी एक एक करतच, प्रत्येक गिअरला क्लच सोडून गाडी थोडी बसू द्या. अर्धवट पाय मारला तर गिअर मध्येच राहतो आणि इंजिन नुसतंच ओरडतं, तेव्हा घाबरून जोरात लाथ मारू नका, क्लच दाबून शांतपणे परत टाका. नव्या गाडीला गिअर जरा कडक लागतो आणि सिग्नलला न्यूट्रल पटकन सापडत नाही, हे नॉर्मल आहे, गाडी पूर्ण थांबायच्या आधी हळू चालत असतानाच न्यूट्रल काढलं तर सोपं जातं.

हाफ क्लचची, म्हणजे क्लच अर्धवट दाबून गाडी चालवायची, सवय मात्र लावूच नका. मागं आमच्याकडं एक गाडी आली होती, वर्ष पण झालं नव्हतं, तक्रार अशी की इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही. खोलली तर क्लच प्लेटची घासणारी बाजू काचेसारखी गुळगुळीत झालेली, मधल्या लोखंडी पत्र्या तापून निळ्या पडलेल्या आणि ऑइलला जळका वास. त्या पोराची दोन बोटं कायम क्लचवर असायची, त्याला स्वतःला पण माहीत नव्हतं. बऱ्याचशा गाड्यांना इंजिन, गिअर आणि क्लचला एकच ऑइल असतं, त्यामुळं क्लच जळला की त्याचा चुरा सगळ्या इंजिनात फिरतो. आणि क्लच त्याच ऑइलमध्ये असल्यामुळं कारचं ऑइल बाइकला टाकू नका, त्यात असे पदार्थ असतात की क्लच घसरायला लागतो, डब्यावर जासो एमए (JASO MA) लिहिलेलं बघूनच घ्या.

घाटाचं राहिलं. आपल्या भागातली पोरं पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली घाटानं चिपळूणला जातात, आणि उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात, काही तर बंद करतात. कृपा करून हे करू नका. ज्या गिअरनं तो उतार चढला असता त्याच गिअरनं उतरायचं, दुसरा किंवा तिसरा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ड्रम तापतो आणि खाली पोफळीकडं येईपर्यंत ब्रेक लागेनासा होतो. २०२० नंतरच्या बीएस६ गाड्या बहुतेक एफआयच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, त्यात गिअरमध्ये अ‍ॅक्सिलेटर सोडला की पेट्रोल तसंही बंद होतं, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातं.

पहिल्या फ्री सर्व्हिसा कंपनीच्या सेंटरलाच करा, वॉरंटीचा विषय असतो, पहिली चुकवू नका कारण आतला सगळा बारीक कीस त्याच ऑइलमध्ये उतरलेला असतो. मधल्या काळात क्लच वायर ढिली वाटली किंवा गिअर टाकताना कर्र असा आवाज आला तर आमच्याकडं या, वायर बघून देतो आणि पाहिजे तर मागं बसून एक राउंड मारतो, गिअर कुठं उशिरा टाकताय कुठं लवकर ते लगेच सांगता येतं. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.