स्ट्रीट फोटोग्राफी (ग्रामीण विदर्भ)

सार्वजनिक जागेतले रोजचे जगणे मुद्दाम मांडणी न करता, घडते तसे टिपणारा छायाचित्रणाचा प्रकार. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका या ३५ मिमी फिल्मच्या छोट्या कॅमेऱ्याने तो सुकर केला. खेड्यात आज त्याचे साधन बहुधा खिशातला मोबाइलच असतो. नापिकी, कर्ज, घरातले आजारपण अशा काळात मन गुंतवायला तो सोयीचा पडतो: वेगळा खर्च नाही, सोबत लागत नाही, आणि नजर घटकाभर तरी समोरच्यावर ठेवावी लागते. तो उपचार मात्र नव्हे. झोप उडाली, जीव नकोसा झाला, तर १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) मोफत क्रमांकावर बोलावे.

अनोळखी गर्दीत मिसळून नकळत फोटो काढायची शहरी रीत इथे चालत नाही. फोटो काढणारा कोणाचा कोण, हे पारावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. सुरुवातीला लोक टोपी सारखी करून ताठ उभे राहतात. ते फोटोही काढावेत आणि तालुक्याच्या स्टुडिओतून ४×६ इंची प्रिंट आणून द्यावी. प्रिंट घरात लागली की कॅमेऱ्याकडे कोणी फारसे बघत नाही. खरे काम तिथून सुरू होते. म्हणून जागा एकच धरावी: आठवडी बाजार, एस.टी.चा थांबा किंवा जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) फाटकाबाहेरची कापसाच्या गाड्यांची रांग. तेरवीच्या मांडवात, दवाखान्याच्या ओट्यावर किंवा कर्जापायी कर्ता माणूस गेलेल्या घरासमोर कॅमेरा काढू नये. असे फोटो बाहेर लवकर खपतात, गावात मात्र माणूस कायमचा परका होतो.

अडचणी बहुतेक उजेडाच्या. मेच्या उत्तरार्धात विदर्भाच्या बहुतेक भागात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि पांढरे धोतर नुसता पांढरा डाग होते. सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर निघावे. दुपारीच जायचे तर सावलीच्या कडेला थांबून, मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर (फोटोत येणाऱ्या उजेडाचे प्रमाण) लॉक करावे. पांढऱ्या कापसाचा ढीग चौकटभर आला की कॅमेरा तो करडा करतो, तिथे एक्स्पोजर +१ द्यावे, म्हणजे फोटो एक पायरी उजळ होतो. काळ्या रानात किंवा काळ्या बैलांवर उलट −१. बाजारातल्या निळ्या ताडपत्रीखाली चेहरे निळे पडतात. रंग दुरुस्त करत बसण्यापेक्षा फोटो कृष्णधवल केलेला बरा. चालती माणसे दुहेरी उमटत असतील तर एचडीआर (अनेक फोटो जोडून एक करणारी मोबाइलची सोय) बंद करावे.

कॅमेरा असेल तर फुल-फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २८ मिमी लेन्स, छिद्र एफ/८, फोकस अडीच मीटरवर ठेवावा. साधारण दीड ते दहा मीटरमधले सगळे स्पष्ट येते आणि फोकस शोधण्यात क्षण हुकत नाही. शटर १/२५० सेकंद पुरतो, पोळ्याला बुजलेल्या बैलांसाठी १/५०० लागतो. जिनिंगच्या आवारात लेन्स बदलू नये, उडणारे तंतू सेन्सरवर चिकटतात. नवतपात (मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) मोबाइल उन्हात धरून ठेवला तर पडदा मंद होतो, कधी कॅमेराच बंद पडतो. तो ओल्या रुमालात गुंडाळू नये, सावलीत ठेवावा.

निवड त्याच रात्री करू नये. आठवडाभराने पाहिले की काढतानाची हुरहुर ओसरलेली असते आणि तीसमधले दोन-तीन उरतात.

पुलगावचा दारूगोळा डेपो, भंडारा आणि भद्रावती येथील आयुधनिर्माणी यांच्या आसपास फोटो काढू नयेत. गडचिरोलीत पोलीस मदत केंद्रे व सुरक्षा दलांच्या तळांबाबतही तेच.