राऊंडमधला पहिला हात

वॉर्डात सकाळचा राऊंड सुरू होतो. पुढे सिनियर डॉक्टर, त्यांच्यामागे रेसिडेंट, फायली सांभाळणाऱ्या सिस्टर आणि शेवटी विद्यार्थी. खाटेच्या पायथ्याशी हँडरबची, म्हणजे हातांवर चोळायच्या जंतुनाशकाची, बाटली टांगलेली असते. पहिल्या पेशंटचं पोट तपासून झालं की सिनियरचा हात बाटलीकडे जातो की थेट पुढच्या पेशंटकडे? मागच्या सगळ्या हातांचं काय होणार, ते बरंचसं इथेच ठरतं.

शिकागोतल्या एका रुग्णालयाचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. रुग्णालय नव्या इमारतीत गेलं, सिंक वाढले. सोय झाली म्हणजे लोक जास्त हात धुतील, असं कुणालाही वाटेल. पण जुन्या इमारतीत 53 टक्के असलेलं हात धुण्याचं प्रमाण नव्या इमारतीत 23 टक्क्यांवर आलं. याच निरीक्षणांत आणखी एक गोष्ट दिसली. खोलीत हात न धुणारी वरिष्ठ व्यक्ती किंवा बरोबरीचा सहकारी असला, तर बाकीच्यांची हात धुण्याची शक्यता फार कमी होत होती.

हे फक्त अनुकरण आहे का? मला यात वेळेचाही भाग दिसतो. हँडरब नीट चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात. सिनियर थांबले नाहीत, तर तेवढ्यात राऊंड पुढच्या खाटेपाशी पोचलेला असतो. हात चोळत मागे राहिलेल्या ज्युनियरला तिथलं निम्मं बोलणं ऐकायला मिळत नाही, वर सगळ्यांदेखत धावत गाठावं लागतं ते वेगळंच. सिनियर थांबले की तो वेळ सगळ्यांनाच मिळतो. शिवाय भिंतीवरच्या दहा नियमांपैकी खरोखर पाळायचे कोणते, हे नवा माणूस साहेबांकडे बघूनच ओळखतो. कुठल्याही ऑफिसात हेच चालतं.

जिनिव्हातला एक अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 163 डॉक्टरांचं निरीक्षण केलं होतं. हात स्वच्छ करायला हवेत अशा प्रसंगांपैकी सरासरी 57 टक्के वेळा ते करत होते. कामाचा ताण वाढला की प्रमाण घसरे. शस्त्रक्रिया, भूल आणि अतिदक्षता विभागांतही ते कमी होतं. मात्र ‘सहकारी माझ्याकडे बघून शिकतात’ असं मानणाऱ्या डॉक्टरांमध्ये ते जास्त आढळलं. अर्थात, अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही आणखी एक पोस्टर लावण्याआधी सिनियर मंडळींशी याबद्दल मोकळेपणाने बोलावं, असं मला मनापासून वाटतं. वॉर्डातला संसर्ग एका हातावरून दुसऱ्या पेशंटपर्यंत जातो, आणि त्याची किंमत खाटेवरचा माणूस मोजतो.

एक अडचण उरते. राऊंडच्या गर्दीत शेवटच्या विद्यार्थ्याला सिनियरचे हात दिसतच नाहीत. म्हणून त्यांनी खाटेच्या पायथ्याशी, सगळ्यांकडे तोंड करून हँडरब घ्यावं आणि शेवटचे हात कोरडे होईपर्यंत पुढच्या खाटेकडे वळू नये.