परमेश्वराचे भय : एका शब्दाची पार्श्वभूमी

घरसभेत हल्ली तिघांच्या मोबाईलवर पवित्र शास्त्राची तीन भाषांतरे असतात. नीतिसूत्रांचा पहिला अध्याय काढला की सातव्या वचनाला एकजण ‘परमेश्वराचे भय’ वाचतो आणि दुसऱ्याच्या पडद्यावर त्याच जागी ‘आदर’ किंवा ‘मान’ असतो. मग कुणीतरी विचारतेच, देव प्रीती आहे तर भ्यायचे कशाला? ‘भय’ ठेवायचे की काढायचे, या वादाला मराठवाड्यात बरीच जुनी बैठक आहे.

स्कॉटिश मिशनचे काम जालन्यात 1860च्या दशकात सुरू झाले, तेव्हा हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसले. ते उभे करणारा पुढारी मराठी होता, आणि विश्वासात आलेली माणसे मुख्यतः मांग-महार वस्त्यांतली होती. स्कॉटिश परंपरेत शिकवणीचा कणा म्हणजे सतराव्या शतकातली 107 प्रश्नांची लघु प्रश्नोत्तरी. तिचा चौथा प्रश्न ‘देव काय आहे?’ उत्तराची बांधणी पाठांतराला सोयीची : देव आत्मा आहे, अनंत, सार्वकालिक आणि न बदलणारा, हे तीन शब्द त्याच्या अस्तित्व, ज्ञान, सामर्थ्य, पावित्र्य, न्याय, चांगुलपणा आणि सत्य या सातांना एकेक करून लावायचे. अक्षरओळख नसलेल्यालाही ते तोंडपाठ करता येते. त्या उत्तरात ‘प्रीती’ हा शब्द मात्र नाही. चांगुलपणात ती धरलेली आहे असे म्हणता येईल, पण पाठ करणाऱ्याच्या ओठांवर ती येत नाही.

ऐकणाऱ्यांचे कान कोरे नव्हते. पटकीची साथ आली की तो मरीआईचा कोप मानला जाई; बळी द्यायचा, मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा आणि सुटका मागायची. त्या भयाला देवीचा स्वभाव माहीत असण्याची गरज नव्हती, कोप टळला की पुरे. याच भूमीत नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ होऊन गेले. तिथे देव माउली होता, जनीबरोबर दळायला बसणारा. एका कानात कोप आणि दुसऱ्यात माउली असताना ‘परमेश्वराचे भय’ हे शब्द पडले. ते कोपाच्या बाजूला कलंडले यात नवल नाही.

शब्दाची गाठ इथे नीट सोडवायला हवी. मूळ हिब्रू शब्द ‘यिरआ’ थरकाप आणि पूज्यबुद्धी दोन्ही पोटात घेतो. निर्गम 20:20 मध्ये इस्राएलांचा पुढारी मोशे लोकांना एका दमात दोन्ही सांगतो : भिऊ नका, आणि त्याचे भय तुमच्यासमोर राहावे म्हणजे तुम्ही पाप करणार नाही. स्तोत्र 130:4 तर आपली समजूतच उलटवते. तुझ्या ठायी क्षमा आहे, ती यासाठी की लोकांनी तुझे भय धरावे. क्षमेमुळे भय! शिक्षेच्या भीतीशी हे जुळतच नाही.

जुन्या मराठी भाषांतरकारांनी इथे एक फार नेमके क्रियापद वापरले, ‘धरणे’. साप दिसला की भय वाटते, माणसाच्या हाती काही नसते. भय धरायचे ते मात्र धीर धरावा, मौन धरावे तसे, जाणूनबुजून, रोज. वाटणारे भय माणसाला पळवते. धरलेले भय त्याला जागेवर ठेवते.

पर्याय सुचवले जातात, पण एकही पुरा पडत नाही. धाक वडील बाजाराला गेले की संपतो. वचक फौजदाराचा असतो. दरारा लांबूनही वाटतो, ओळख लागत नाही. ‘अदब’ हा उर्दूतून आलेला सुंदर शब्द मराठवाड्याच्या जिभेवर अजून आहे, पण ती दरबारी रीत. मन दुसरीकडे असले तरी अदब राखता येते. ‘आदरयुक्त भीती’ मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात ऐकून ऐकून गुळगुळीत झाली आहे. आणि नुसता आदर आपण ज्याचे ऐकत नाही त्यालाही देतो. म्हणून ‘भय’ राहू द्यावे आणि ‘धरणे’ समजावून सांगावे, हे अधिक बरे. ‘आदर’वाल्यांची अडचण मात्र खरी आहे : बापाच्या माराखाली वाढलेल्या मुलीला ‘भय’ म्हटले की काय आठवते?

त्या अडचणीला उत्तर देवाच्या स्वभावातच आहे. निर्गम 33:18 मध्ये मोशे देवाचे तेज पाहायला मागतो आणि 34:6-7 मध्ये त्याला स्वभावाचे वर्णन ऐकायला मिळते : दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दया व सत्य यांनी भरलेला, क्षमा करणारा, तरी अपराध्याला निर्दोष न सोडणारा. ‘मंदक्रोध’च्या जागी हिब्रूत शब्दशः ‘लांब नाकाचा’ असे आहे. राग नाकावर यायला वेळ लागतो तो. आपल्याकडेही रागाची जागा नाकाच्या शेंड्यावरच. आठव्या वचनात मोशे घाईने जमिनीपर्यंत लवून दंडवत घालतो. स्वभाव आधी कळला, मग दंडवत.

1970 साली नागपुरात निरनिराळ्या प्रॉटेस्टंट पंथांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले आणि इथल्या अनेक जुन्या मंडळ्या (चर्च) एका छत्राखाली आल्या. पुढे स्वतंत्र मंडळ्या वाढल्या, टाळ-ढोलकीशेजारी कीबोर्ड आणि ड्रम आले, भाषा जवळिकीची झाली. तिचा पाया जुनाच होता : प्रभूच्या प्रार्थनेत आपण पित्याला ‘तू’ म्हणतो, घरात वडिलांना ‘तुम्ही’ म्हणणारेसुद्धा. पण जवळिकीबरोबर भय हा विषय उपदेशातून मागे पडत गेला.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारीला भूकंप झाला, लातूर-उस्मानाबादची गावे जमीनदोस्त झाली. अशा वेळी कोपाची भाषा सहज तोंडात येते, ख्रिस्ती तोंडातही. लूक 13:4 मध्ये शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांबद्दल प्रभू येशू साफ सांगतो की ते इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हते. मेलेल्यांच्या पापाचा हिशेब मांडणे म्हणजे भयाची शिकवण नव्हे. पश्चात्तापाची हाक त्याने जिवंत ऐकणाऱ्यांना दिली.

नव्या विश्वासणाऱ्यांच्या वर्गात सहसा चुकतो तो क्रम. नीतिसूत्रे 1:7 ने सुरुवात केली की ऐकणारा आपल्या ओळखीचे भय तिथे भरतो. आधी निर्गम 33:18 ते 34:8 एका बैठकीत मोठ्याने वाचावे. मग त्याच वर्णनाचे पडसाद, रोज एक : गणना 14:18, नहेम्या 9:17, स्तोत्रे 86:15, 103:8 व 145:8, योएल 2:13, योना 4:2, नहूम 1:3. प्रत्येक ठिकाणी मूळ यादीतले काय आले आणि काय गळले ते वहीत दोन रकान्यांत लिहावे. योना याच दयेबद्दल देवाकडे तक्रार करतो. नहूम मंदक्रोध म्हणतो, पण दयेच्या जागी सामर्थ्य ठेवतो, कारण तो निनवे शहराच्या न्यायाबद्दल बोलतो आहे. एकटा नहूम शिकवला तर कोप उरतो, एकटे स्तोत्र 103:8 शिकवले तर लाड. हे आठही पडसाद झाले की नीतिसूत्रे उघडावे, आणि वर्गात कुणाच्या मोबाईलवर ‘आदर’ निघाला तर दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहून ‘धरणे’पासून बोलायला लागावे.