चष्म्याचा नंबर आणि डोळ्याचा पडदा: मधुमेहींसाठी दोन वेगळ्या तपासण्या

ठाण्यात गोखले रोडवरच्या एखाद्या चष्म्याच्या दुकानात थोड्या वेळात नंबर काढून मिळतो, आणि मधुमेह असलेली बरीच माणसे त्यालाच वर्षाची डोळ्यांची तपासणी समजून निर्धास्त होतात. हा समज मला फार काळजीचा वाटतो, कारण नंबर काढणे आणि पडदा तपासणे या दोन गोष्टींपैकी एकीने दुसरीचे काम भागत नाही.

नंबर काढताना समोरची अक्षरे कोणत्या भिंगातून स्पष्ट दिसतात एवढेच पाहिले जाते. मधुमेहाचा घाव मात्र डोळ्याच्या मागच्या पडद्यातील बारीक रक्तवाहिन्यांवर पडतो: त्यांच्या भिंतींना फुगवटे येतात, त्यांतून रक्त आणि स्निग्ध द्रव पाझरतो, आणि पुढे रक्तपुरवठा कमी पडला की नाजूक नव्या वाहिन्या उगवतात, ज्या फुटल्यास डोळ्यात रक्तस्राव होतो. यालाच डायबेटिक रेटिनोपथी म्हणतात. पडद्याच्या मध्यबिंदूला धक्का लागेपर्यंत माणूस अक्षरांची शेवटची ओळसुद्धा बिनचूक वाचू शकतो; दुखत नाही, डोळा लाल होत नाही, म्हणून ‘मला तर सगळे नीट दिसते’ हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

नंबराच्या बाबतीत मधुमेहींनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. रक्तातील साखर फार वाढली किंवा उपचार सुरू झाल्यावर झपाट्याने उतरली, तर डोळ्याच्या नैसर्गिक भिंगातील पाण्याचे प्रमाण बदलते आणि नंबर तात्पुरता सरकतो. अशा दिवसांत घाईने केलेला चष्मा काही आठवड्यांत निरुपयोगी ठरतो, त्यामुळे साखर स्थिरावेपर्यंत थांबणे बरे. पडद्याच्या तपासणीला मात्र हा नियम लावून ती पुढे ढकलू नये.

पडद्याच्या तपासणीत नेत्रतज्ज्ञ बहुधा थेंब घालून बाहुली मोठी करतात, त्याला साधारण अर्धा तास लागतो, आणि मग सगळा पडदा पाहतात. काही ठिकाणी खास कॅमेऱ्याने पडद्याचे छायाचित्रही घेतात. थेंबांनंतर काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही, तेव्हा त्या दिवशी घोडबंदर रस्त्यावर स्वतः दुचाकी चालवत घरी जाण्याचा विचार करू नये, कोणाला तरी सोबत न्यावे. मध्यबिंदूला सूज असल्याची शंका आल्यास ओसीटी नावाचे स्कॅन सुचवले जाते. लेसर आणि डोळ्यात द्यायची इंजेक्शने यांनी उरलेली दृष्टी वाचवता येते, पण गेलेली दृष्टी पूर्ण परत मिळेलच असे नाही, आणि म्हणूनच लक्षणे दिसण्याआधी जाण्याला एवढे महत्त्व आहे.

टाइप 2 मधुमेहात निदान झाल्याबरोबर पहिली तपासणी करावी, कारण आजार कित्येकदा बरीच वर्षे आधीपासून असतो. टाइप 1 मध्ये ती निदानानंतर पाच वर्षांच्या आत व्हावी. त्यानंतर साधारणपणे दरवर्षी, आणि दोष आढळला तर डॉक्टर सांगतील तितक्या लवकर. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस राहिल्यास पहिल्या तीन महिन्यांतच पडदा दाखवावा, कारण या काळात विकार झपाट्याने वाढू शकतो.

आपली कोणती तपासणी झाली याबद्दल मनात संदेह असल्यास हातातला कागद वाचावा. त्यावर फक्त नंबर असतील आणि रेटिना (म्हणजे पडदा) किंवा फंडस (म्हणजे डोळ्याचा आतला मागचा भाग) याविषयी एकही नोंद नसेल, तर पडदा पाहिला होता का, हे तपासणाऱ्याला स्पष्ट विचारावे.