फायलोक्निस्टिस

फायलोक्निस्टिस ही खवलेपंखी कीटकांच्या ग्रॅसिलॅरिइडी कुलातील अतिशय लहान पतंगांची प्रजाती आहे. यातल्या बहुतेक जातींच्या अळ्या पानाच्या वरच्या किंवा खालच्या सालीत नागमोडी बोगदा करून राहतात. झेलर या कीटकशास्त्रज्ञाने १८४८ मध्ये ही प्रजाती स्थापन केली. अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत ती आढळते. वर्णन झालेल्या जाती शंभरावर आहेत आणि उष्ण कटिबंधातून नव्यांची भर पडत आहे. संत्रा, मोसंबी, लिंबू यांच्या कोवळ्या पानांवर दिसणारी ‘नागअळी’ म्हणजे याच प्रजातीतील फायलोक्निस्टिस सिट्रेला. टोमॅटो आणि वेलवर्गीय भाज्यांवरील कीडही नागअळी म्हणूनच ओळखली जाते, पण ती लिरिओमायझा प्रजातीच्या माशीची अळी असते. नाव एक असले तरी दोन्ही किडींची जीवनपद्धती आणि त्यांवरचे उपाय वेगळे आहेत.

पतंग

पंख पसरल्यावर पतंगाची रुंदी साधारण ४ ते ८ मिमी. भरते. मिटून बसलेली सिट्रेला जेमतेम २ मिमी. लांब असते. पुढचे पंख भाल्याच्या पात्यासारखे निमुळते, पांढरे किंवा रुपेरी असतात. त्यांवर तपकिरी रेघा, टोकाकडे पिवळसर पट्टा आणि बहुधा टोकाशी एक काळा ठिपका असतो. मागचे पंख इतके अरुंद असतात की पंखापेक्षा त्याची झालरच रुंद दिसते. नक्षी सुंदर असली तरी ओळख पटवण्यासाठी तिचा उपयोग मर्यादित आहे, कारण अनेक जातींची नक्षी जवळजवळ सारखीच असते आणि चार दिवस उडालेल्या पतंगाचे निम्मे खवले झडून गेलेले असतात.

अळी आणि बोगदा

या प्रजातीचे सगळे वेगळेपण अळीच्या खाण्यात आहे. पान पोखरणाऱ्या बहुतेक अळ्या दोन्ही सालींमधला हिरवा गर खातात. फायलोक्निस्टिसची अळी मात्र गराला हात लावत नाही. ती पानाच्या अपित्वचेत, म्हणजे पेशींच्या एकाच थरात राहते, पेशींच्या भिंती कापते आणि आतला रस पिते. शरीराची घडणही या कामाला साजेशी असते. डोके पाचरीसारखे चपटे, जबडे आडव्या पात्यांसारखे, पाय नाहीत आणि अंग पारदर्शक हिरवट-पिवळे. अळी पुढे सरकते तशी वरची पातळ उपत्वचा (अपित्वचेवरचा मेणचट पापुद्रा) सुटी होऊन उचलली जाते, खाली हवा शिरते आणि गोगलगाय चालून गेल्यासारखी चंदेरी वाट उमटते. अन्न पातळ असल्यामुळे विष्ठेचे सुटे कण पडत नाहीत. बोगद्याच्या मधोमध एक बारीक सलग रेघ उरते, काही जातींत तीही दिसत नाही.

बागेत किंवा रानात ओळखण्याची सोपी खूण यातूनच मिळते. पान उजेडासमोर धरावे. माशीच्या अळीने गर खाल्लेला असतो, त्यामुळे तिचा बोगदा आरपार फिकट दिसतो आणि त्यात काळे कण बहुधा एकदा या कडेला, एकदा त्या कडेला पडलेले असतात. फायलोक्निस्टिसचा बोगदा उजेडासमोर जवळजवळ नाहीसा होतो, कारण खालचा गर शाबूत असतो. पान तिरपे करून वरून पाहिले की तोच बोगदा चकाकतो.

पहिल्या तीन अवस्थांत अळी रस पिते. चौथ्या अवस्थेत तिचे रूप पार बदलते. जबडे निकामी होतात, खाणे थांबते आणि तोंडाशी रेशीम काढणारा अवयव तेवढा कामाचा उरतो. अळीपणातच असे दुसरे रूप येणे याला अतिरूपांतरण म्हणतात. ही अळी बोगद्याच्या शेवटी, बहुतेकदा पानाच्या कडेला, रेशमाचे अस्तर घालते. रेशीम आवळले की कड दुमडते आणि त्या घडीत कोष तयार होतो. कोषाच्या डोक्यावर टोकदार कर्तनांग असते. त्याने अस्तर फाडून कोष अर्धा बाहेर सरकतो आणि मग पतंग निघतो. रिकामी कात घडीतून डोकावत राहते. तिला टाकाऊ समजू नये. कर्तनांगाचा आकार आणि पाठीवरच्या काट्यांची मांडणी जातीनुसार बदलते, म्हणून जाती वेगळ्या करायला पंखांपेक्षा ही कात कितीतरी भरवशाची ठरते.

काही जाती

युरोपात पॉप्लरवर फा. युनिपंक्टेला आढळते. तिचा बोगदा इतका अस्पष्ट असतो की कोरड्या थुंकीचा माग वाटावा. अ‍ॅस्पेनवरील फा. लॅबिरिन्थेलाच्या बोगद्यात मात्र मधली रेघ ठळक असते. विलोवरील फा. सॅलिग्ना पानापुरती थांबत नाही. तिचा बोगदा पानातून देठात आणि देठातून कोवळ्या फांदीच्या सालीत उतरतो. उत्तर अमेरिकेत ट्यूलिप वृक्षावर फा. लिरिओडेंड्रोनेला, मॅग्नोलियावर फा. मॅग्नोलिएला आणि लिक्विडंबरवर फा. लिक्विडंबरिसेला अशा जाती आहेत. नावांवरूनच कळते की यजमान झाडे ठरलेली असतात. एक जात सहसा एका वनस्पतिप्रजातीवर किंवा फार तर तिच्या जवळच्या नातलगांवर जगते. द्राक्षवेलीवरील फा. विटेजेनेला मूळची उत्तर अमेरिकेची, ती १९९५ मध्ये इटलीत आढळली आणि तिथून युरोपच्या इतर देशांत पसरली.

अ‍ॅस्पेनवरील फा. पॉप्युलिएला ही जात अपित्वचेत राहण्याचे परिणाम सर्वांत स्पष्टपणे दाखवते. अलास्काच्या जंगलांत २००० सालाच्या सुमारास तिचा मोठा उद्रेक सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे टिकला. वर्षाला तिची एकच पिढी होते. पतंग हिवाळा काढतात आणि वसंतात पाने फुटताच अंडी घालतात. पानाच्या वरच्या सालीत पडलेली अळी वरच राहते, खालची खालीच. बाजू बदलता येत नाही. या झाडाची पर्णरंध्रे फक्त खालच्या बाजूला असतात. त्यामुळे वरचा बोगदा पान कितीही चंदेरी करो, प्रकाशसंश्लेषण फारसे अडत नाही. खालचा बोगदा मात्र रंध्रांना उघडू देत नाही, कार्बन डाय-ऑक्साइड आत जात नाही आणि पान वेळेआधी गळते. दुरून वरून पोखरलेले आणि खालून पोखरलेले झाड सारखेच पांढुरके दिसते. नुकसान मोजणाऱ्याने म्हणून पान उलटून पाहावे.

फा. सिट्रेला

स्टेन्टन या कीटकशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये कोलकात्याच्या नमुन्यांवरून या जातीचे वर्णन केले. ती मूळची आशियातील. विसाव्या शतकाच्या शेवटी ती झपाट्याने जगभर पोहोचली: १९९३ मध्ये फ्लोरिडा आणि स्पेन, १९९४ मध्ये इस्राएल, १९९६ मध्ये ब्राझील, २००० मध्ये कॅलिफोर्निया. लिंबूवर्गीय झाडांखेरीज बेल आणि कामिनी या त्याच कुलातील झाडांवरही तिची नोंद आहे.

मादी नवतीच्या (नव्या पालवीच्या) पानावर, बहुधा मधल्या शिरेजवळ, एकेक अंडे घालते. अंडे म्हणजे दवाचा बारीक चपटा थेंबच वाटतो. २ ते १० दिवसांत अंडे फुटते आणि अळी अंड्याच्या तळातून थेट पानात उतरते, बाहेरच्या हवेत ती येतच नाही. अळीची वाढ ५ ते २० दिवसांत होते आणि कोषावस्था ६ ते २२ दिवसांची असते. उष्ण हवेत अख्खे चक्र दोन आठवड्यांत उरकते, थंडीत सात आठवडेही लागतात. एकदा पान जून होऊन उपत्वचा जाड झाली की अळीला ते भेदता येत नाही. म्हणून प्रादुर्भावाचे वेळापत्रक झाडाच्या पालवीवरून ठरते.

पाने वाकडी का होतात याचे कारणही सालीतच आहे. पोखरलेल्या बाजूची अपित्वचा वाढू शकत नाही, उरलेले पान मात्र वाढत राहते, आणि ते आकसून सुरळीसारखे वळते. रोपवाटिकेत आणि पहिल्या काही वर्षांच्या कलमांत नवतीचे प्रमाण मोठे असल्याने वाढ खुंटते. चार वर्षांवरील झाड हे सहज सोसते. त्याच्या एकूण पालवीत पोखरलेला भाग थोडा असतो आणि उत्पादनावर सहसा परिणाम होत नाही. मोठ्या झाडांवर केवळ पाने वाईट दिसतात म्हणून केलेली फवारणी हा बहुतेकदा वाया गेलेला खर्च असतो.

याला मोठा अपवाद खैऱ्या रोगाचा. हा रोग घडवणारा झँथोमोनास सिट्री हा जिवाणू असलेल्या भागात नागअळी गंभीर ठरते. ती जिवाणू वाहून नेत नाही. पण वरची साल फाटली की आतला गर उघडा पडतो, पावसाचे उडणारे पाणी तिथे जिवाणू पोहोचवते आणि बोगद्याच्या संपूर्ण लांबीवर चट्टे उठून एकमेकांत मिसळतात. साध्या ओरखड्यापेक्षा ही जखम भरायला जास्त दिवस लागतात, त्यामुळे संसर्गाची मुदतही वाढते.

नियंत्रण

स्पर्शजन्य कीटकनाशक इथे फसते, आणि त्याची कारणे दोन. अळी उपत्वचेखाली झाकलेली असते. शिवाय फवारणीनंतर आठवडाभरात निघालेल्या पानांवर औषध नसतेच. व्यापक मारा करणाऱ्या औषधांनी मित्रकीटक मरतात आणि पुढची पिढी आधीपेक्षा मोठी येते. पानात मुरणारे अ‍ॅबामेक्टिन लहान अळीवर चालते, पण कोषाच्या घडीपर्यंत पोहोचलेल्या अळीवर ते वाया जाते. जमिनीतून दिलेले आंतरप्रवाही औषध पानांत चढायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून ते नवती फुटण्याआधी द्यावे लागते. फुलोऱ्याच्या काळात ते टाळावे, नाहीतर मधमाश्यांना धोका होतो. सुमारे ०.५ टक्के खनिज तेलाच्या फवारणीने मादी पानावर अंडी घालायचे टाळते, मात्र नवती चालू असेपर्यंत ती दर आठवड्याला करावी लागते आणि पाने दोन्ही बाजूंनी भिजावी लागतात.

मशागतीचे उपाय साधे आहेत. छाटणी वर्षातून एकदाच करावी, म्हणजे नवती एकदम येते आणि एकदमच जून होते. पाणसोट (खोडाफांद्यांवरून सरळ वर जाणारे फुटवे) काढावेत, कारण ते जोमाने वाढत अळीला सतत कोवळे पान पुरवतात. पतंगांची संख्या जास्त असताना नत्राचा हप्ता देऊ नये. पोखरलेली पाने खुडण्याचा मोह आवरावा; त्यांचा शाबूत गर झाडासाठी अन्न करतच असतो.

नैसर्गिक शत्रूंमध्ये एजेनिआस्पिस सिट्रिकोला ही आशियातली परोपजीवी गांधीलमाशी प्रसिद्ध आहे. ती अंड्यात किंवा अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीत एक अंडे घालते आणि त्या एकाच अंड्याचे विभाजन होऊन अनेक पिल्ले निघतात. घडी उघडल्यावर नागअळीच्या कोषाऐवजी तपकिरी कोषांची छोटी माळ दिसली तर ती हिची. दमट फ्लोरिडात ती चांगली रुळली, कोरड्या हवेत मात्र तग धरत नाही. स्पेनमध्ये सिट्रोस्टिकस फायलोक्निस्टॉइडेस ही दुसरी जात अधिक उपयोगी ठरली.

मादीच्या वासाने नरांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांचा एक पेच उल्लेखनीय आहे. जपानमध्ये नर (७झेड,११झेड)-हेक्झाडेकाडायएनॅल या एकाच घटकाकडे येतात. अमेरिका आणि ब्राझीलमध्ये त्याच्या जोडीला तीन दुहेरी बंध असलेला घटक लागतो, आणि तोही पहिल्याच्या तिप्पट. एकाच नावाखाली दोन जाती लपल्या असाव्यात अशी शंका त्यामुळे येते. सापळा मागवताना मिश्रण कोणते हे म्हणूनच तपासावे. सापळ्यात पडलेल्या नरांच्या संख्येवरून पतंग कधी उडतात ते कळते; नुकसान किती होईल ते त्यावरून सांगता येत नाही.

नमुने गोळा करणे

उडणारे पतंग पकडण्यापेक्षा कोष असलेले पान आणणे चांगले, कारण यजमान झाड, बोगदा, कात आणि ताजा पतंग सगळे एकत्र मिळते. दुमडलेल्या कडेचा भाग कापून एका नळीत एकच ठेवावा आणि टीपकागदाचा किंचित ओला तुकडा घालावा. ओल जास्त झाली तर बुरशी येते. कमी पडली तर पान सुरकुतून घडी आवळते आणि कोष चिरडतो. निघालेल्या पतंगाला पंख नीट ताणायला काही तास द्यावेत. मेल्यावर तो मिनिटांत वाळू लागतो, त्यामुळे पंख लगेच पसरवून सूक्ष्म टाचणीवर लावावा लागतो. डीएनएसाठी अळी ९५ टक्के एथिल अल्कोहोलमध्ये ठेवावी. कात पतंगाच्या टाचणीवरच कुपीत अडकवावी, वेगळी ठेवली की ती कोणाची हे नंतर ठरत नाही. बोगद्याचे पान दाबून वाळवले की चंदेरी पापुद्रा तडकून गळतो आणि मधली रेघही त्याबरोबर जाते; म्हणून दाबण्याआधी, पान ताजे असतानाच, तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत.