कुत्र्याचा कान वाहतोय? दवाखान्यात आणण्याआधी एवढं वाचा

पावसाळा लागला की आमच्या कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या दवाखान्यात एक वाक्य रोज कानावर पडतं. "डॉक्टर, तेच ड्रॉप द्या की, मागच्या टायमाला लगेच गुण आला होता." त्यापाठोपाठ दुसरं, तेही जरा अभिमानानं. "आणि येताना कान एकदम स्वच्छ करून आणलाय हं."

पहिल्या वाक्याचं उत्तर लांबलचक आहे, त्याकडे नंतर येऊ. दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे. कृपया कान साफ करून आणू नका.

तुम्ही हे प्रेमानं करता, हे कळतं. डॉक्टरांसमोर घाण कान घेऊन कसं जायचं, असंही वाटतं. पण कानातला तो घाण मळच आम्हाला हवा असतो. कापसाच्या काडीवर तो थोडासा घेऊन आम्ही काचेच्या स्लाइडवर पसरवतो, वाळवतो, रंग देतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं जातात. त्यात मुख्यतः चार गोष्टी शोधायच्या असतात. मॅलासेझिया नावाची बुरशी, जी शेंगदाण्याच्या आकाराची दिसते. गोल जंतू. काडीसारखे लांबट जंतू. आणि पू झाल्याची खूण असलेल्या पांढऱ्या पेशी. बुरशीचं औषध वेगळं, गोल जंतूंचं वेगळं. लांबट जंतू दिसले की आमच्या कपाळावर आठी पडते, कारण त्यांत बऱ्याचदा सूडोमोनास निघतो आणि तो साध्या औषधांना दाद देत नाही.

यातली बुरशी आणि काही जंतू निरोगी कानातही थोडेफार असतातच. त्यामुळे 'आहेत की नाहीत' याला फारसा अर्थ नाही, 'किती आहेत' हे बघावं लागतं. सकाळी कान पुसून संध्याकाळी आणला, तर स्लाइडवर चार-दोनच दिसतात आणि आजारी कान निरोगी भासतो. तेल घातलं असेल तर रंग नीट धरत नाही. पावडर घातली असेल तर दिसतात ते पावडरचेच कण. मग आम्हाला नाइलाजानं म्हणावं लागतं, दोन-तीन दिवस काही घालू नका आणि परत या. कागल, गारगोटी, पन्हाळ्याहून गाडी करून आलेल्या माणसाला हे सांगताना आम्हालाही बरं वाटत नाही. कुत्र्याचे तीन दिवस खाजवण्यात जातात ते वेगळेच.

म्हणून येण्याआधीचे दोन-तीन दिवस कानात काहीही नको. लसूण कढवलेलं तेल नको, हळद नको, बोरिक पावडर नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, कपाटातली मागच्या वर्षीची बाटली तर नकोच. कानाच्या पाळीवरून पू ओघळत असेल, माश्या बसत असतील, तर ओल्या फडक्यानं बाहेरून पुसा, तेवढं चालेल. दुसऱ्या दवाखान्याचं औषध आधीच चालू असेल तर ते मनानं बंद करू नका. आधी फोन करून विचारा आणि येताना बाटली बरोबर आणा. कान फार दुखत असेल, मान एका बाजूला कलली असेल, चालताना तोल जात असेल, तर दोन-तीन दिवसांचा हिशेब विसरा आणि आहे तसं लगेच घेऊन या.

तर मग "तेच ड्रॉप" का देत नाही?

कानाच्या बहुतेक ड्रॉपमध्ये तीन औषधं एकत्र असतात. एक जंतूंवरचं, एक बुरशीवरचं आणि एक स्टेरॉइड. स्टेरॉइडनं सूज आणि खाज दोन-तीन दिवसांत उतरते. मान झटकणं थांबतं, वासही कमी होतो, घरात सगळ्यांना बरं वाटतं आणि बाटली फ्रिजवर जाऊन बसते. आतले जंतू मात्र अजून संपलेले नसतात. उपचार साधारणपणे दोन ते चार आठवडे चालतो, आणि तो कधी थांबवायचा हे पुन्हा स्लाइड बघूनच ठरतं. अर्धवट औषधातून वाचलेले जंतू परत वाढतात. असं दोन-चार वेळा झालं की तेच औषध त्यांना लागू पडेनासं होतं. "मागच्या टायमाला गुण आला होता" म्हणतात, तो गुण बऱ्याचदा नुसत्या स्टेरॉइडचा असतो.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. कुत्र्याच्या कानाची नळी माणसासारखी सरळ नसते. ती आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. पडदा त्या वळणाच्या पलीकडे असतो, बाहेरून कितीही टॉर्च मारला तरी दिसत नाही. जुनाट आजारात तो फाटलेला असू शकतो. फाटलेल्या पडद्यातून काही औषधं आणि काही कान धुण्याची द्रावणं आतल्या कानात उतरली, तर ऐकू येणं जाऊ शकतं, तोल बिघडू शकतो. म्हणून ओटोस्कोपनं, म्हणजे कानात बघायच्या उपकरणानं, आत बघितल्याशिवाय आम्ही बाटली हातात देत नाही. व्हॉट्सअॅपवर कानाचा फोटो पाठवून औषधाचं नाव विचारणाऱ्यांना आम्ही "घेऊन या" एवढंच लिहितो. यामुळे काही मंडळी आमच्यावर रुसतात. रुसा, पण घेऊन या. कधी कधी नळी सुजून इतकी बंद झालेली असते की पहिल्या दिवशी आम्हालाही पडदा दिसत नाही. तेव्हा आधी काही दिवस सूज उतरवण्याचं औषध आणि मग तपासणी, असं करावं लागतं.

त्या वळणामुळेच इअरबडही वापरू नका. बडनं मळ बाहेर येतो असं दिसतं, पण त्याहून जास्त आत ढकलला जातो.

परत परत का होतं?

खरं दुखणं इथं आहे. जंतू आणि बुरशी बहुतेक वेळा मागाहून आलेली मंडळी असतात. त्यांना वाट करून देणारं कारण दुसरंच असतं. वर्षातून दोन-तीनदा कान बिघडतो, दोन्ही बाजूंचा बिघडतो, शिवाय कुत्रं पंजे चाटतं, पोट-काखा खाजवतं, तर ॲलर्जीचा संशय घ्यायचा. ती धुळीतल्या किड्यांची, परागकणांची असू शकते किंवा खाण्यातली. काही कुत्र्यांत तर कान सोडून दुसरीकडे कुठेच ती दिसत नाही. अशा कुत्र्याचा कान आम्ही कितीही वेळा बरा केला तरी तो परत बिघडणार, हे आधीच सांगून ठेवतो. मग आमच्या औषधाला नावं ठेवू नका.

खाण्यातली ॲलर्जी शोधायला रक्ताची चाचणी भरवशाची नाही. पूर्वी कधी न खाल्लेलं एकच मांस आणि एकच धान्य, किंवा दुकानात मिळणारं खास खाद्य, किमान ८ आठवडे द्यायचं आणि बाकी काहीही नाही. हे ऐकायला सोपं आहे. पण कोल्हापुरातल्या घरात आजी सकाळी गंगावेशेतल्या कट्ट्यावरचं दूध वाटीत ओतते, रविवारी रश्श्यातला तुकडा कुणीतरी टेबलाखाली सोडतं, आणि शेजारचे काका बिस्कीट देतात ते वेगळंच. त्यातला एक तुकडाही सगळी मेहनत वाया घालवतो. कुत्र्यांत गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू यांची ॲलर्जी जास्त आढळते, आणि त्यांतलं दूध, कोंबडी आणि चपाती आपल्याकडे रोजचंच. हे ८ आठवडे घरातल्या सगळ्यांना कबूल असतील तरच सुरू करा. (रश्श्यातला कांदा-लसूण तर ॲलर्जी नसलेल्या कुत्र्यालाही घातक आहे.)

एकाच कानात अचानक त्रास सुरू झाला, कुत्रं ओरडतं, डोकं तिरकं धरतं, तर कुसळ गेलंय का ते बघावं लागतं. दिवाळीनंतर गवत वाळलं की पन्हाळ्याच्या, जोतिबाच्या डोंगरावर फिरून आलेली कुत्री अशी येतात. शेतावरच्या कुत्र्यांच्या कानात गोचीडही सापडते. पिल्लाच्या दोन्ही कानांत कोरडा, काळा, भुरभुरीत मळ असेल तर बारीक किडे असू शकतात, आणि घरात मांजर असेल तर तिलाही तपासायला आणा.

ओलावा हे तिसरं निमित्त. विहिरीत पोहणारे लॅब्रॅडॉर आणि लोंबत्या कानांचे कॉकर आमचे नेहमीचे गिऱ्हाईक आहेत. पोहल्यावर कान वाळवणारं द्रावण वापरलं तर यातले बरेच जण आमच्याकडे कमी येतील. शिह त्झू, पूडल यांच्या कानातले केस उपटण्याची पद्धत आहे. निरोगी कानातले केस आम्ही उपटत नाही. त्यानं आतली त्वचा लाल होते आणि नसलेला आजार ओढवून घेतला जातो.

मान झटकणं चालू राहू दिलं तर पाळीतली रक्तवाहिनी फुटून सगळी पाळी रक्तानं फुगते, मग ते वेगळंच काम होतं. वर्षानुवर्षं तसाच राहिलेला कान आतून जाड आणि टणक होत जातो, आणि शेवटी अख्खी नळीच काढावी लागते. ती शस्त्रक्रिया आमच्याकडे होत नाही, बाहेर पाठवावं लागतं, आणि खर्च मोठा असतो.

घरी औषध कसं घालायचं

आम्ही सांगितलेलं द्रावण हातात धरून कोमट करा, गार द्रावण कानात पडलं की पुढच्या वेळी कुत्रं पलंगाखाली जातं. नळी भरेल इतकं सोडा, कानाच्या मुळाशी पचपच आवाज येईपर्यंत चोळा, आणि बाजूला व्हा. ते मान झटकेल, भिंतीवर शिंतोडे उडतील, म्हणून हे गच्चीवर किंवा मोरीतच करा. मग बोट जाईल तेवढ्याच आतपर्यंत कापसानं पुसा. दहा मिनिटांनी औषध. मोठ्या कुत्र्याला दोन थेंब म्हणजे काहीच नाही, ते वळणापर्यंतही पोचत नाहीत. मात्रा आम्ही सिरिंजवर खूण करून देतो, आणि पहिला डोस दवाखान्यात तुमच्याकडूनच घालून घेतो.

फेरतपासणीला येताना औषध आदल्या रात्रीपर्यंत चालू ठेवा, फक्त त्या दिवशीचं घालू नका. बाटली बरोबर आणा, किती उरलीय ते बघून आम्हाला बरंच कळतं.

स्लाइडचे पैसे वेगळे का घेता, असं विचारतात. स्लाइडचा खर्च एका ड्रॉपच्या बाटलीपेक्षा कमी आहे, आणि चुकीची बाटली टळली तर तो तिथंच वसूल होतो. फेरतपासणीची पहिली स्लाइड आम्ही आधीच्या फीमध्येच धरतो, म्हणजे "आता बरा आहे, कशाला जायचं" असं म्हणायला जागा राहू नये. कान धुण्याचं द्रावण काउंटरवर मिळतं, पण कान तपासून घेतल्यावरच न्या. आमचंच दुकान असलं तरी आधी विकत नाही.

फार दुखणाऱ्या कानाची खोलवर सफाई गुंगी देऊन करावी लागते, त्यासाठी सकाळी रिकाम्या पोटी आणा. संध्याकाळी गर्दी असते आणि स्लाइडला वेळ लागतो, तेव्हा कानाच्या तपासणीसाठी आधी फोन करून वेळ घेतलेली बरी.